वॉर्डातला मृत्यू आणि पुढचे दोन तास: नातेवाइकांना सांभाळताना सिस्टरने काय करावं

वॉर्डात मृत्यू झाला की डॉक्टर तपासतात, वेळ लिहितात, नातेवाइकांना सांगतात आणि बहुतेक वेळा त्यांना लगेच दुसऱ्या पेशंटकडे जावं लागतं. पुढचे दोन तास ते घर सिस्टरच्या हातात असतं. शेवटचं भेटू दिलं की नाही, अंगावर नीट चादर होती का, कुणी दोन शब्द धड बोललं का, हे त्या घरात वर्षानुवर्षं बोललं जातं. मायाळू स्वभावाची सिस्टर सगळ्यांनाच हवी असते, पण कोणत्या वेळी काय करायचं हे ठाऊक नसेल तर त्या मायेचा घरच्यांना फारसा उपयोग होत नाही. सरकारी रुग्णालय असो की खासगी, पुढचा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडतो.

शेवटचे तास

खरं सांत्वन मृत्यूच्या आधीच सुरू होतं. पेशंटचा श्वास मधेच दहा-वीस सेकंद थांबून पुन्हा खोल सुरू होऊ लागला, हातपाय गार पडले, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर जांभळट चट्टे दिसू लागले, लघवी अगदी कमी झाली, की बाहेर बसलेल्यांना वेळीच सांगायला हवं. डॉक्टरांशी बोलून नीट विचारा, ‘अजून कोण यायचं आहे? ते किती लांब आहेत?’ मुलगी नागपूरला आणि मुलगा दुबईला असेल तर व्हिडिओ कॉलची सोय आत्ताच करा. पासचा नियम कुठे शिथिल करायचा ते इनचार्ज सिस्टरशी आधी ठरवून ठेवा. ऐन वेळी गेटवरच्या वॉचमनशी वाद घालण्याची पाळी नातेवाइकांवर येऊ नये.

घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवते ती घशातली घरघर. ‘सिस्टर, त्यांचा जीव गुदमरतोय, सक्शन करा’ असा आग्रह होतो. गिळण्याची क्रिया थांबल्याने लाळ आणि स्राव घशात साचतात आणि त्यातून हवा जाताना आवाज येतो. पेशंट या वेळी बहुधा शुद्धीत नसतो आणि आपल्याला वाटतो तितका त्रास त्याला होत नाही, हे समजावून सांगा. खोलवर सक्शन केलं, म्हणजे नळीने स्राव ओढून काढले, तर घसा सोलवटतो आणि स्राव आणखी वाढतात. डोकं थोडं उंच ठेवून पेशंटला कुशीवर वळवलं की आवाज बराच कमी होतो. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसीन द्यावं. मात्र ही औषधं नवा स्राव कमी करतात, आधीच साचलेला वाळवत नाहीत, म्हणून उशिरा दिली तर फारसा उपयोग होत नाही.

नातेवाइकांच्या हातांना काम द्या. तासा-दोन तासांनी ओल्या कापसाने तोंड आतून पुसणं, ओठांना व्हॅसलीन लावणं, कपाळावर ओला रुमाल फिरवणं हे त्यांना शिकवा. नुसतं बघत बसण्यापेक्षा हे फार बरं असतं. गंगाजल किंवा झमझमचं पाणी द्यायचं असेल तर चमचा नको, कारण गिळता येत नसताना पाणी थेट श्वासनलिकेत जातं. ड्रॉपरने दोन-तीन थेंब गालाच्या आत सोडावेत, तुळशीचं पान ओठांवर ठेवावं. ऐकू येत असण्याची शक्यता शेवटपर्यंत असते, म्हणून कानाशी बोलायला, अभंग म्हणायला, कलमा पढायला सांगा. आपणही त्या खाटेजवळ बिलाच्या किंवा शवागाराच्या गोष्टी बोलू नयेत.

सीपीआर चालू असेल तर एका सिस्टरने फक्त नातेवाइकांसाठी थांबावं. माणसं कमी असली तरी हे जमवा. दर काही मिनिटांनी बाहेर येऊन ‘हृदय बंद पडलंय, छाती दाबून सुरू करायचा प्रयत्न चालू आहे, अजून यश आलेलं नाही’ एवढं सांगितलं, तरी पुढची बातमी अंगावर कोसळत नाही.

बातमी सांगताना

बातमी डॉक्टरांनी सांगायची, पण डॉक्टरांबरोबर आत जायचं आणि ते निघून गेल्यावर मागे थांबायचं सिस्टरने. त्याआधी पाच मिनिटांची तयारी लागते. केसपेपरवरचं नाव आणि समोरची माणसं एकच आहेत का ते तपासा. एका नावाचे दोन पेशंट असताना भलत्यांनाच बातमी गेल्याचे प्रकार होतात आणि ती जखम भरून येत नाही. कोण कुणाचं काय लागतं ते विचारून घ्या. कॉरिडॉर आणि लिफ्टसमोरची जागा टाळा. स्वतंत्र खोली नसेल तर ड्रेसिंग रूम किंवा इनचार्जचं केबिन रिकामं करा. खुर्च्या, पाणी, रुमाल ठेवा आणि स्वतःचा फोन सायलेंट करा. डॉक्टरांसाठीही खुर्ची हवीच. उभ्याने सांगितलेली बातमी ‘घाईत उरकली’ अशी वाटते.

मृत्यूचा शब्द पहिल्या दोन-तीन वाक्यांत आला पाहिजे. ‘खूप प्रयत्न केले, पण...’ असं म्हणून थांबलं की ऐकणारा त्या ‘पण’मध्ये आशा शोधत राहतो. ‘पेशंट रिस्पॉन्ड करत नाही’, ‘कोलॅप्स झाले’, ‘एक्स्पायर झाले’ हे आपल्या रजिस्टरचे शब्द, ते रजिस्टरमध्येच राहू द्या. ‘ताई, बातमी वाईट आहे. तुमच्या वडिलांचं हृदय पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी बंद पडलं. ते पुन्हा सुरू व्हावं म्हणून अर्धा तास प्रयत्न केले. ते गेले.’ एवढं पुरे. त्यानंतर गप्प बसा. तो एक मिनिट फार लांबलेला वाटतो आणि काहीतरी बोलून तो भरून टाकावासा वाटतो. तसं करू नका. त्या मिनिटात बोललेलं तसंही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, नंतर तेच सगळं पुन्हा सांगावं लागतं.

नातेवाईक फोनवर असतील तर आधी ते कुठे आहेत, गाडी चालवतायत का, बरोबर कोण आहे, हे विचारा. जवळ असतील तर ‘तब्येत खूप बिघडली आहे, लगेच या, गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या’ असं सांगून समोरासमोर बातमी देणं बरं. पण त्यांनी थेट ‘गेले का?’ असं विचारलं तर खोटं बोलू नये. डॉक्टरांना फोन द्यावा आणि खरं ते सांगावं. माणूस परगावी किंवा परदेशी असेल तर सरळ सांगणंच योग्य, कारण तिकीट काढायचं की अंत्यविधी इथल्या माणसांवर सोपवायचा, हा निर्णय त्याला तेव्हाच घ्यायचा असतो.

बातमी ऐकून माणसं खाली बसतात, भिंतीवर डोकं आपटतात, कधी अगदी दगडासारखी शांत होतात. शांत राहणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष द्या. चक्कर आल्यास आडवं झोपवून पाय उंच करा. मधुमेही असेल तर साखर तपासा. रात्रभर उपाशी बसलेलं माणूस इन्शुलिन घेऊन आलेलं असू शकतं. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायकोला किंवा आईला ‘धक्क्याने होतंय’ म्हणून तिथेच बसवून ठेवू नका, कॅज्युअल्टीत नेऊन ईसीजी काढा. अशा धक्क्याने खरोखरच हृदयाचं काम काही काळ बिघडतं.

काय बोलावं, काय बोलू नये

‘रडू नका’ म्हणजे तुमचं रडणं आम्हाला सहन होत नाही, असंच ऐकू जातं. ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. ‘वय झालं होतं’ हे ऐंशी वर्षांच्या आईच्या साठीतल्या मुलालाही लागतं. ‘मुलांकडे बघून खंबीर व्हा’ असं नुकत्याच विधवा झालेल्या बाईला म्हटलं की तिच्या रडण्यावरही ओझं पडतं. ‘देवाची मर्जी’ हेही आपल्याकडून नको, त्या घटकेला त्यांचं देवाशी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

बोलायचं ते थोडं आणि उपयोगाचं. ‘त्यांच्याजवळ बसायचंय का? मी बरोबर येते.’ ‘कुणाला फोन लावून देऊ?’ ‘मी रात्री आठपर्यंत ड्यूटीवर आहे, नंतर दुसऱ्या सिस्टर येतील, त्यांना सगळं सांगून जाईन.’ पेशंटबद्दल खरी असलेली एखादी छोटी गोष्ट आठवत असेल तर जरूर सांगा. काल दुपारी चहा मागितला होता, नातीचं नाव घेतलं होतं. पण रचून काही सांगू नका, ते पकडलं जातं. घरच्यांच्या रीतीप्रमाणे काका, मावशी, ताई, दादा म्हणा. गेलेल्या माणसाचा उल्लेख ‘बॉडी’ असा त्यांच्यासमोर कधीही करू नका. वॉर्डबॉय मामांना आणि मावशींनाही हे सांगून ठेवा, कारण ‘बॉडी कुठल्या बेडची?’ असं मोठ्याने विचारलं जातं ते नेमकं पडद्याबाहेर नातेवाईक उभे असतानाच.

दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘त्यांना त्रास झाला का?’ झाला असेल तर नाही म्हणू नका. ‘रात्री दम लागत होता, त्यावर औषध दिलं, पहाटेपासून शांत होते’ असं उत्तर माणसाला पेलतं. दुसरा, ‘आधी आणलं असतं तर वाचले असते का?’ या प्रश्नामागे स्वतःला दोषी धरणारं माणूस असतं. ‘त्या वेळी जेवढं दिसत होतं त्यावरून तुम्ही निर्णय घेतलात’ इतकं आपण म्हणू शकतो. वैद्यकीय उत्तर डॉक्टरांनी द्यायला हवं, म्हणून डॉक्टरांशी दहा मिनिटांची भेट ठरवून द्या. हा प्रश्न अनुत्तरित राहिला की तो वर्षानुवर्षं पोखरतो.

लहान मुलांना ‘आजोबा झोपले’, ‘गावाला गेले’ असं सांगायला घरच्यांना परावृत्त करा. चार-पाच वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं आणि झोपायला घाबरू लागतं. ‘आजोबांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही, थंडी वाजत नाही, ते परत येणार नाहीत’ असं सांगावं. बघायचं असेल तर काय दिसेल ते आधी सांगून घेऊन जावं, नको म्हणालं तर जबरदस्ती नको.

शरीराची शेवटची तयारी

भेट घडवण्याआधी साधारण वीस मिनिटं द्या, आणि ती का लागणार ते घरच्यांना सांगा. ‘त्यांना जरा नीट करते, मग आत या.’ घरच्यांपैकी कुणाला मदत करायची असेल तर येऊ द्या. आईचे केस विंचरणाऱ्या मुलीला पडद्याबाहेर उभं करण्याचं काही कारण नाही.

सगळ्यात आधी पाहा की केस एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी) किंवा पोस्टमॉर्टेमची आहे का. असेल तर एकही नळी काढायची नाही, त्याबद्दल पुढे येईलच. नसेल तर रायल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी), कॅथेटर (लघवीची नळी), कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घातलेली नळी) काढा. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेतल्या नळीच्या) आणि ड्रेनच्या (स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) जागा चांगल्या दाबून वर घट्ट ड्रेसिंग करा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या पेशंटच्या या जागांतून नंतर बराच वेळ रक्त झिरपतं आणि घरी पांढऱ्या कापडावर लाल डाग उमटतो. चिकटपट्टीचे डाग स्पिरिटने किंवा खोबरेल तेलाने पुसून काढा.

पाठीवर सरळ झोपवा, डोक्याखाली एक उशी ठेवा. उशी नसेल तर रक्त चेहऱ्याच्या आणि मानेच्या बाजूला उतरून चेहरा काळवंडतो. पापण्या बोटांनी हलकेच अर्धा मिनिट मिटून धरा, मिटत नसतील तर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. कवळी असेल तर लगेच बसवा. शरीर ताठरायला साधारण दोन-तीन तासांत सुरुवात होते, तीही पापण्या, जबडा आणि मानेपासून. उन्हाळ्यात त्याहून लवकर. जबडा आवळला की कवळी बसत नाही आणि गाल बसलेला चेहरा घरच्यांना परका वाटतो. हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल द्या. बँडेज बांधायचंच असेल तर सैल बांधा, घट्ट बांधल्याचा वळ गालावर राहतो. हात बाजूला किंवा पोटावर सरळ ठेवा, वाकलेले राहिले तर तसेच ताठ होतात. पोट हलकेच दाबून मूत्राशय मोकळं करा, खाली पॅड घाला, तोंड-हात-पाय कोमट पाण्याने पुसा, स्वच्छ चादर छातीपर्यंत ओढा. चेहरा झाकू नका.

कुशीवर वळवताना फुप्फुसातली हवा बाहेर येऊन कण्हल्यासारखा आवाज होतो. नातेवाईक जवळ असतील तर वळवण्यापूर्वीच सांगा, नाहीतर ‘जिवंत आहेत!’ अशी आरोळी उठते आणि पुढे सांभाळणं फार अवघड होतं. तशीच कल्पना हात गार लागेल, ओठ निळसर दिसतील याचीही द्या. मॉनिटर बंद करा, खाटेची कठडी खाली करा, खुर्ची जवळ ओढून ठेवा. मग त्यांना एकटं सोडा, पण पडद्यापलीकडे हाकेच्या अंतरावर राहा. अर्धा तास तरी मिळावा. खाट लगेच हवी असं वरून सांगितलं तरी एवढा वेळ मागून घेणं हे आपलं काम आहे.

रीतीभाती विचाराव्यात, गृहीत धरू नयेत

‘तुमच्यात काही विशेष करायचं असतं का?’ हा एक प्रश्न पुष्कळ चुका टाळतो. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ काढू नये. सवाष्ण बाईचं मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या घरच्यांना विचारल्याशिवाय काढू-पुसू नयेत. मुस्लिम घरात दफन लवकर करण्याकडे कल असतो, म्हणून त्यांची कागदपत्रं आधी हातात घ्या. चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे साधारण पश्चिमेला वळवायला मदत करा. अंग पुसण्याचं काम शक्यतो बाईचं बाईने आणि पुरुषाचं पुरुषाने करावं. आंघोळ घालणं ते स्वतः करतात, आपण फक्त स्वच्छ करून द्यायचं. लिंगायत समाजात बसलेल्या स्थितीत दफन करण्याची रीत आहे, तेव्हा शरीर ताठरण्याआधी पाय दुमडून बसवावं लागतं. हे लक्षात न घेता ‘शवागारात ठेवा, सकाळी न्या’ असं सांगितलं तर सकाळी त्या घराची भयंकर अडचण होते. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घराला मृत्यूपूर्वीच फादर हवे असतात, म्हणून ते आधी विचारा. बौद्ध घरातली माणसं त्रिसरण-पंचशील म्हणतात, त्यांना तेवढी शांतता करून द्या. शिखांचं कडं, केस, कंगवा यांना हात लावू नका. उदबत्ती किंवा दिवा मात्र ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात पेटवू देता येत नाही. कारण सांगितलं की लोक ऐकतात, दिवा न पेटवता समोर ठेवला तरी पुष्कळांना चालतं.

पोलिस केस असेल तेव्हा

अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, आत्महत्या, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत विवाहितेचा मृत्यू, मृतावस्थेत आणलेला पेशंट: अशा केसमध्ये पोलिसांना कळवावं लागतं, पंचनामा होतो. तोंडातली नळी, कॅन्युला, कॅथेटर जागच्या जागी ठेवून टोकं बंद करायची, अंग धुवायचं नाही, कपडे वेगळे ठेवून पोलिसांकडे सही घेऊन द्यायचे. आई-बापाला तोंडात नळी असलेलं मूल बघावं लागतं तो क्षण फार कठीण असतो. आत नेण्याआधीच सांगा की नळी तशीच दिसेल, ती आम्हाला काढता येत नाही, पण तुम्ही हात धरू शकता, कपाळावर हात फिरवू शकता. नळीभोवती स्वच्छ गॉज ठेवून चेहरा हळूच पुसला तर चालेल का, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

‘पीएम कधी होईल?’ याचं उत्तर ‘माहीत नाही’ असं देऊन सोडू नका. चौकीच्या पोलिसांना आणि शवागाराला फोन करून अंदाज घ्या. सोयी असलेल्या ठिकाणी सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करायला केंद्राने नोव्हेंबर २०२१ पासून परवानगी दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, संशयास्पद मृत्यू आणि कुजलेलं शव हे अपवाद आहेत.

दागिने, कागद, गाडी

दागिने दोन साक्षीदारांसमोर काढा, लगेच यादी करा, सही घेऊन जवळच्या नातेवाइकाला द्या. यादीत ‘सोन्याचं’ असं लिहू नका, ‘पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, एक’ असं लिहा. अंगावर काय राहू दिलं तेही नोंदवा. ओळखीच्या दोन पट्ट्या बांधा, एक मनगटाला किंवा घोट्याला आणि एक बाहेरच्या चादरीला. ही दुसरी पट्टी नसेल तर शरीरांची अदलाबदल होऊ शकते.

रुग्णालयातल्या मृत्यूसाठी मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र नमुना ४ मध्ये भरलं जातं आणि नोंदणीसाठी माहिती नमुना २ मध्ये जाते. कागद पुढे जाण्याआधी नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, पत्ता हे आधार कार्डाशी ताडून घरच्यांकडून वाचून घ्या. नावातल्या एका चुकीने विमा, पेन्शन, बँक सगळं अडतं आणि दुरुस्तीसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. नोंदणी जिथे मृत्यू झाला तिथे होते, मूळ गावी नाही, हे आवर्जून सांगा. मुदत २१ दिवसांची असते. दाखल्याच्या प्रती एकाहून जास्त काढून ठेवायला सांगा. हे तोंडी सांगून उपयोग नाही, अर्ध्या कागदावर मराठीत लिहून, शक्यतो थोडा कमी हादरलेला भाचा-पुतण्या असेल त्याच्या हातात द्या.

१०८ची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही. हे माहीत नसलेली माणसं तासभर तिची वाट बघत बसतात. शववाहिकेचे नंबर नर्सिंग स्टेशनवर लावलेले हवेत. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. पैशांची अडचण दिसली तर मेडिकल सोशल वर्करला बोलवा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात, त्याची माहिती पुष्कळांना नसते.

एचआयव्हीसारखा आजार असेल तर जमलेल्या भाऊबंदांसमोर त्याचा उल्लेख नको, खाटेवर किंवा चादरीवर ठळक शेराही नको. गुप्तता मृत्यूनंतरही पाळायची असते.

नेत्रदानाचं विचारावं का?

विचारावं, पण बातमी मनात उतरल्यावर. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्यामुळे खूप थांबताही येत नाही. घरचे एकदा आत जाऊन भेटून आले की हलकेच विचारा, ‘त्यांनी कधी नेत्रदानाबद्दल काही म्हटलं होतं का?’ नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाले तर नेत्रपेढीला किंवा १९१९ वर फोन करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोकं उंच ठेवा, पंखा बंद करा. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांनी अडत नाही. चेहरा विद्रूप होत नाही हे सांगितलं की बऱ्याच जणांची भीती जाते.

ब्रेन डेडच्या, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या पेशंटच्या केसमध्ये अवयवदानाचा विषय सिस्टरने स्वतः काढू नये. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या केल्यावर प्रत्यारोपण समन्वयक बोलतात. आपलं काम असतं ते छाती हलताना दिसत असूनही हा मृत्यूच आहे, हे न कंटाळता पुन्हा पुन्हा समजावणं.

राग

आरडाओरडा सुरू झाला की एकट्या सिस्टरने समोर उभं राहू नये. दार आपल्या पाठीशी मोकळं ठेवा, सिक्युरिटीला लवकर कळवा, घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घेऊन बसवा. ‘शांत व्हा’ असं म्हणण्याऐवजी ‘तुम्हाला काय विचारायचंय ते सांगा, मी डॉक्टरांना बोलावते’ असं म्हणा आणि खरोखर बोलवा. महाराष्ट्रात २०१०चा रुग्णालयांवरील हिंसाचारविरोधी कायदा आहे, तोडफोड किंवा मारहाण झाली तर तक्रार द्यायलाच हवी. पण बरेचसे प्रसंग आदल्या दोन दिवसांत कुणी नीट सांगितलं नाही म्हणून पेटतात. तब्येतीची माहिती रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एकाच नातेवाइकाला, ठरलेल्या माणसाने दिली तर त्यातले पुष्कळ टळतात.

बाळ गेलं असेल तर

प्रसूतिकक्षातला मृत्यू वेगळा हाताळावा लागतो. त्या आईला इतर बाळंतिणींच्या शेजारी ठेवू नका. दाराला ठरावीक खूण लावा, म्हणजे सकाळी येणारी मावशी ‘बाळाला पाजलंत का?’ असं विचारणार नाही. घरची वडीलधारी मंडळी ‘तिला दाखवू नका’ म्हणतात, पण विचारायचं ते तिलाच. बाळाला पुसून, दुपट्यात गुंडाळून, काही व्यंग असेल तर ते आधी सांगून तिच्या हातात द्या. नको म्हणाली तर काही तासांनी पुन्हा एकदा विचारा. पावलांचे ठसे, मनगटाची पट्टी, फोटो पाकिटात घालून जपून ठेवा, काही बाया ते नंतर मागायला येतात. ‘दुसरं होईल’ हे वाक्य कुणालाही तिथे बोलू देऊ नका.

दोन ते चार दिवसांत तिला दूध उतरेल, हे घरी जाण्यापूर्वी सांगायलाच हवं. ते कुणी न सांगितल्यामुळे ओल्या ब्लाऊजने ती घरी हादरून जाते. घट्ट बसणारी पण आवळत नसलेली ब्रा, गार पाण्याच्या पट्ट्या, फार दाटलं तर दुखणं कमी होण्यापुरतंच दूध काढणं. पूर्ण रिकामं केलं तर ते आणखी येतं. दूध थांबवायचं औषध डॉक्टर ठरवतील. ताप आला किंवा छाती लाल झाली तर परत यायला सांगा. २८ आठवड्यांनंतर मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद होते, नमुना ३ मध्ये.

पुढचे आठवडे आणि आपण

तेरावा किंवा चाळिसावा होईपर्यंत घर भरलेलं असतं, नंतर ते एकदम ओकंबोकं होतं. रुग्णालयात सोय असेल तर फोन तेव्हाच करावा, तेराव्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात किंवा चाळिसावा झाल्यावर. मुंबईचं शांती अवेदना सदन हे १९८६ साली सुरू झालेलं भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी संस्था. अशा ठिकाणी घरच्यांची विचारपूस हा उपचाराचाच भाग मानतात, साध्या वॉर्डातही ते अशक्य नाही. फोन पाच मिनिटांचा पुरतो. झोप येते का, जेवण जातं का, स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, दिवसभर सोबत कोण असतं, डॉक्टरांना काही विचारायचं राहिलंय का. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. ‘आता जगून काय करू’ असं कानावर आलं तर घाबरून विषय बदलू नका, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. हो म्हटलं तर घरातल्या माणसाला सावध करा, त्या व्यक्तीला एकटं सोडू देऊ नका, डॉक्टरांशी जोडून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. सहा महिने उलटूनही माणूस कामाला लागत नसेल, रोजचं जगणंच थांबलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची गरज आहे असं समजावं. खेड्यात आशाताईंना कळवून ठेवलं तर त्या घरावर लक्ष राहतं.

ड्यूटीवरच्या सिस्टरचंही मन आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले नर्स जोनाथन बार्टेल्स यांनी एक साधी पद्धत सुरू केली: मृत्यू जाहीर झाल्यावर सगळ्यांनी खाटेभोवती एक मिनिट शांत उभं राहायचं, मग कामाला लागायचं. आपल्याकडच्या आयसीयूतही ती सहज होण्यासारखी आहे, त्याला परवानगी किंवा पैसा लागत नाही. डोळ्यांत पाणी आलं तर लपवण्याची गरज नाही, मात्र घरच्यांनी आपलं सांत्वन करावं अशी वेळ येऊ देऊ नये. पहिल्या वर्षाच्या मुलींना अशा केसला एकटं पाठवू नका, अनुभवी सिस्टरबरोबर द्या आणि शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटं बसून काय काय झालं ते त्यांच्याकडून ऐकून घ्या. नोट्समध्ये मृत्यूच्या वेळेबरोबरच कुणाला, कुणी, किती वाजता सांगितलं, कोण भेटलं, कोणत्या वस्तू कुणाला दिल्या आणि घरच्यांचे कोणते प्रश्न अजून बाकी आहेत, हे लिहा. पुढच्या शिफ्टची सिस्टर त्या शेवटच्या ओळीवरून काम सुरू करेल.